कुरुंदाचे हात

डॉक्टरबाईंनी शुभेच्छा द्यायला हात पुढे केला आणि आर्गिरोचा हात हातात आल्यावर तो सोडलाच नाही. उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. सहीसाठी उघडलेलं पेन कागदावर तसंच पडून राहिलं.

तिच्या बापाची, स्तामातिसची छाती फुगली. "बघून घ्या, बाई! अथेन्सच्या पोरींचे असतात का असे हात? आमच्या तीन पिढ्या खाणीत खपल्या. कुरुंद फोडून फोडून हातांचा दगड झाला. आता तो रक्तातच उतरलाय."

नाक्सोस बेटावरच्या त्या डोंगरगावात हे कुणालाही पटलं असतं. सुऱ्यांना धार लावायचा कुरुंद खणूनच गाव जगलं होतं. ज्याचा तळवा जाड, तो खाणवाल्याचा अस्सल वारस. आर्गिरोच्या नामकरणालाच म्हाताऱ्यांनी तिच्या मेंढीसारख्या लोकरी केसांतून बोटं फिरवली, चिमुकले तळवे दाबून पाहिले आणि सांगून टाकलं, पोरगी टणक निघणार. निघालीही. सोळाव्या वर्षी आठशे मीटरला तिच्यापुढे बेटावर कुणी टिकत नव्हतं. रविवारी अथेन्सला निवड चाचणी होती. हृदय ठीक असल्याची एक सही तेवढी बाकी होती.

"बाई, करा ना सही, बोट सुटेल आमची," आर्गिरो म्हणाली. "मला काय हातांवर पळायचंय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ईसीजीची पट्टी पुन्हा उलगडली.

"इथे एक बारीकशी शंका होती. किरकोळ म्हणून मी सोडून देणार होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "जन्मापासूनचे असे केस, असे तळवे आणि आजारी हृदय, या बेटावरच्या काही घरांत ही तिन्ही एकत्र येतात. असं हृदय एरवी चाललेलं असतं. पळता पळता एखाद्या दिवशी अचानक थांबतं. पुढच्या तपासण्या होईपर्यंत हिनं धावायचं नाही."

आर्गिरोने मूठ गच्च मिटली.

"काहीतरीच काय!" स्तामातिस उसळला. "हे खाणीचेच हात आहेत. माझ्या भावाचे, लेफ्तेरिसचे, अस्से होते. केससुद्धा."

"कुठे असतो तो?"

"गेला. विसाव्या वर्षी. फुटबॉल खेळताना गोल मारला आणि उभ्या उभ्या कोसळला. दृष्ट लागली, बाई. शेजारची ती निळ्या डोळ्यांची म्हातारी टक लावून बघत होती. सव्वीस वर्षं झाली, मी तिच्याशी शब्द बोललेलो नाही."

"खाणीत किती वर्षं होता तो?" बाईंनी विचारलं.

तीस वर्षं स्तामातिस स्वतः खाणीत उतरत आला होता. त्याने आपले तळवे पाहिले. चरे होते, घट्टे होते. मग लेकीची मूठ हलकेच सोडवली आणि तिच्या तळव्यावर अंगठा फिरवला. त्याचे हात तिच्यापेक्षा मऊ होते.

नंतर त्याने टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"न्हावी होता तो, बाई," स्तामातिस म्हणाला. "खाणीचं तोंडसुद्धा त्यानं कधी पाहिलं नाही."