काकूंची मागणी

दळणाचा डबा कडेवर घेऊन लीलाकाकू गिरणीतून निघाल्या आणि नेमका नगरपालिकेच्या फाटकासमोर त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. टेकायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिथेच फतकल मारली आणि तुटकी चप्पल हातात धरून निरखू लागल्या.

नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. गल्लीतली प्रत्येक बाई आपापल्या ओट्यावर बसून पालिकेच्या नावानं बोटं मोडत होती. बाजारातून येणाऱ्या शेजारणीनं काकूंना पाहिलं आणि तीही बसली. "ठिय्या द्यायचा होता तर सांगायचं तरी, काकू! आम्ही काय नाही म्हणणार होतो?" काकू खुलासा करणार, तोवर आणखी चौघी बसल्या. मग रस्ताच भरला. कुणीतरी घोषणा दिली आणि काकूंच्या हातातली चप्पल बघून शिपायानं फाटकाला आतून कडी घातली.

शेवटी साहेब फाटकापाशी आले, पण चपलेपासून हातभर लांबच उभे राहिले. "मावशी, मागणी काय आहे तुमची?"

"एक सेफ्टी पिन मिळाली तर बरं होईल," काकूंनी खरं तेच सांगितलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. लगेच पिन आली. काकूंनी अंगठा जोडला, चप्पल पायात सरकवली, लुगडं झटकून उठल्या. मागे वळून बघतात तर सगळ्या जणी निमूटपणे उठायला लागलेल्या.

काकूंनी चप्पल पुन्हा काढली, बाजूला नीट ठेवली आणि होत्या तिथेच बसल्या.

"पिन मिळाली, साहेब. आता पाण्याचं बोला."