खिडकीकडे पाठ करून

"मीठ जास्त," पहिल्याच घासाला जनकोजींनी निकाल दिला. "समुद्र जवळ आहे म्हणून सगळा यातच ओतायचा काय?"

शेजारच्या टेबलावरची कॉलेजातली पोरं वळून बघू लागली. राजसबाईंनी पदर सावरला. "अय्यो, हळू बोला की."

"का? पुरसवाक्कममध्ये, या तमिळ वस्तीत, मराठी कोणाला कळतंय?"

कळत होतं. एकाला नक्की कळत होतं. जनकोजींच्या पाठीमागे काउंटर होतं, काउंटरमागे छोटी खिडकी, आणि खिडकीपलीकडे उकळत्या तेलापाशी पांढरी टोपी घालून त्यांचा धाकटा मुलगा व्यंकोजी उभा होता. राजसबाईंना तो समोर दिसत होता. त्याला पाहायलाच तर त्या येत होत्या.

पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात जनकोजींचा जन्म गेला. पोरानंही तिथंच लागावं म्हणून त्यांनी साहेबांपुढे शब्द टाकला होता. पोरगा मात्र परस्पर केटरिंगच्या वर्गाला नाव घालून आला. "डबे बांधणाऱ्याचा मुलगा कोंबड्या तळणार?" असं जनकोजी त्याला अंगणात म्हणाले आणि सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. व्यंकोजी त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं. तो कुठं आहे, जेवतो का, काही पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो नणंदेमुळे. मैलापूरच्या देवळात तुळसीनं राजसबाईंना खांबाआड ओढलं आणि कानात सांगितलं, "व्यंकू 'रेड कोंब'मध्ये आहे, पुरसवाक्कमला. पण वैनी, अण्णाला कळू देऊ नको. माझं माहेर तुटेल." राजसबाईंनी देवाशपथ घेतली.

आता नवऱ्याला सोडून पुरसवाक्कमला जायचं कसं? भाजीलासुद्धा ते पिशवी घेऊन बरोबर निघायचे. शेवटी राजसबाईंनी युक्ती काढली. गावात तळलेल्या कोंबडीची नवी दुकानं निघालीत, 'रेड कोंब' आणि 'कॅप्टन्स क्रिस्प', जिकडे तिकडे शाखा. एकदा दोन्हीकडची खाऊन बघू, कोणाची चांगली ते तुम्ही सांगा. "तुमच्याएवढी जीभ कोणाची आहे?" असंही वर लावून दिलं. जनकोजी फुगले आणि चटकन "सरि, जाऊ" म्हणाले.

तेव्हापासून एक रविवार इथं आणि एक रविवार तिथं, असा नेम पडला.

'कॅप्टन्स क्रिस्प'मध्ये जनकोजी मुकाट्यानं खायचे. आवरण कुरकुरीत आहे, मसाला आतपर्यंत गेला नाही, एवढं पुटपुटायचे, तेही इतकं हळू की राजसबाईंना पुढं वाकावं लागायचं. मग अर्धा तुकडा तसाच टाकून उठायचे. 'रेड कोंब'मध्ये मात्र त्यांचा आवाज चढायचा. इथं पंख्यांची घरघर फार, आणि कारखान्यातल्या हातोड्यांनी यांचे कान गेलेले. राजसबाई मनाशी असं म्हणायच्या. खुर्चीही नेहमी तीच, खिडकीकडे पाठ करून. "इकडे वारं लागतं," म्हणायचे. राजसबाई मनोमन कामाक्षीदेवीला हात जोडायच्या. हा माणूस एकदा जरी मागं वळला असता तरी सगळं संपलं असतं.

गंमत अशी की त्यांची कुरकुर वाया जात नव्हती. "मिरपूड कुठाय?" म्हणाले, तर पुढच्या खेपेला मिरपूड आली. "हाडापाशी कच्ची राहते, आच कमी करून जास्त वेळ तळायला नको?" म्हणाले, तर पुढच्या खेपेला मांस हाडापासून सुटून आलं. राजसबाईंचा ऊर भरून यायचा. बाप तोंडसुद्धा बघत नाही आणि लेकरू बापाचा एकेक शब्द झेलतंय. आणि हे ध्यान शिव्या देत देत हाडंसुद्धा चोखून संपवतंय!

पुढे एका रविवारी जनकोजींनी तुकडा संपवला, बोटं पुसली. "मीठ बरोबर. तिखट बरोबर. त्या कॅप्टनला हे सात जन्मांत जमायचं नाही."

राजसबाईंनी खिडकीकडे पाहिलं. पांढरी टोपी जागच्या जागी थांबली होती.

"झालं तर मग, निकाल लागला," जनकोजी म्हणाले. "आता इथं यायचं बंद."

"बंद? आता तर चव जमलीय!"

"जमली म्हणूनच. पोतुम, पुरे झालं."

"मला इथली आवडते," त्या घाईनं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "मी एकटी येईन. माझा एवढा एक रविवार नका हो काढून घेऊ."

जनकोजींनी बायकोकडे पाहिलं. मग ते उठले, खुर्ची उचलली, वळवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

"पुढच्या रविवारी घरी खिम्याचे गोळे वळून सुंटी करायची आहे," ते दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "तुझ्या आईच्या हातानं आता खिमा कुटणं होत नाही. सकाळीच ये. सुट्टी मिळत नसेल तर मालकाशी मी बोलतो."

आत चिमटा खणकन पडला. खिडकीत व्यंकोजी उभा होता. टोपी हातात, डोळे भरलेले. "येतो, अप्पा," तो कसाबसा म्हणाला.

राजसबाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांना कळेना. देवाशपथ आठवली आणि त्या चपापल्या. "तुळसीला काही बोलू नका हं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं. बिचारीच्या पोटात काही राहतच नाही, ती तरी काय करेल?"

"म्हणून तर पोंगलला मी तिलाच याचा पत्ता सांगितला," जनकोजी अगदी हळू आवाजात म्हणाले. "तरी बाईनं तुझ्यापर्यंत पोचवायला महिना लावला."