वर बघणारा ड्रायव्हर

“आबा, ह्याचं तोंड सरळ आणि त्याचं वर बघतंय, असं का?” नातीने विचारलं.

गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायच्या दोन जुन्या काठ्या, म्हणजे ड्रायव्हर, दुकानदाराने दुकानामागच्या मैदानात मारून बघायला दिल्या होत्या. आबांचा जीव सरळ तोंडाच्या काळ्या ड्रायव्हरवर जडला होता. व्याह्यांकडे तसाच होता. वर बघणारा निम्म्या किमतीत मिळत होता.

“सांगितलं तर विसरशील. मारूनच बघू.”

“कुठलाही घ्या हो,” शेजारी उभे असलेले व्याही म्हणाले, “चेंडू आपल्या गोल्फच्या मैदानावरच्या तळ्यातच जायचा. मासेसुद्धा आता तुम्हाला नमस्कार करतात!”

आबा हसले. पण आजही जमलं नाही तर खेळच सोडायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

चेंडू नेमका कुठे लागतो ते कळावं म्हणून नातीने दोन्ही तोंडांना पावडर फासली. आबांनी सावकाश फटका मारला. काळ्या ड्रायव्हरने चेंडू जेमतेम उठला आणि लगेच खाली आला.

“पण आबा, ठसा तर अगदी मधोमध आहे!”

आबांनी वाकून पाहिलं. म्हणजे फटका चुकत नव्हता. मग त्यांनी दुसरा उचलला. तशाच सावकाश फटक्याने चेंडू उंच चढला आणि ते तळं सहज पार झालं असतं इतका पुढे पडला.

“कळलं का? माझा हात सावकाश. मला चेंडू उचलून देणारा हवा.”

व्याह्यांनी घसा खाकरला. “बघू, एकदा मला मारू द्या.”

आबांनी आधी दुकानदाराला पैसे दिले आणि मगच तो ड्रायव्हर व्याह्यांच्या हाती ठेवला.