फुलं येईपर्यंत

"पाणी घालतात की बुडवून मारतात, कुणास ठाऊक," सासूबाई कुंडीवर वाकून पुटपुटल्या.

सून हातभर अंतरावर खिडकीच्या कट्ट्यावर फळांची टोपली लावत होती. पुटपुटणं तिच्यासाठीच होतं, तेव्हा तिला ऐकू जाणं भागच होतं.

"आठवड्यातून एकदाच घालते. तुम्हीच सांगितलंय."

"घालायला सांगितलं होतं. ओतायला नाही."

कुंडीतल्या ऑर्किडला सहा जाड पानं होती आणि बाहेर लोंबणारी करडी मुळं होती. फूल मात्र सासरे गेल्यापासून एकही नव्हतं. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, पण घरातली एक मोठी गोष्ट त्याच्यापाशी अडली होती.

मुलाने आईसाठी वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. पूर्वेची खिडकी, आवारातच डॉक्टर. "आई, तुमची रोजची खडाजंगी थांबेल," तो म्हणाला होता. "तुलाही शांतता आणि घरालाही."

सासूबाईंनी लगेच हो म्हटलं. अट एकच घातली. नवऱ्याने आणलेलं हे झाड पुन्हा फुललेलं बघायचं. फुललं की दुसऱ्या दिवशी पिशवी उचलणार.

त्या दिवसापासून सून झाडाच्या मागे हात धुऊन लागली. तिने कुजलेली मुळं छाटली, कुंडीत मातीऐवजी घातलेले झाडाच्या सालींचे तुकडे बदलले. रात्री गारवा मिळाला की फुलांचा दांडा फुटतो असं कुठेसं वाचून रोज संध्याकाळी कुंडीजवळची खिडकी उघडी टाकू लागली. सासूला घालवायची केवढी ही घाई, असं शेजारीण जिन्यात म्हणाली. सुनेने ते खोडून काढलं नाही.

"तुमच्या चिरंजीवांना सांगा, फुलांचं खत संपलंय," एकदा जेवताना ती म्हणाली.

"ऐकलं, आई," मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी खताची बाटली टेबलावर होती.

असा तो सरळ माणूस. चष्म्याच्या दुकानात बसायचा. दिवसभर अनोळखी लोकांना "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं मायेने विचारायचा. घरी त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. दोघींची जुंपली की तो वर्तमानपत्र उघडून बसे. अशा दोन बायकांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचं सगळ्यांना वाईट वाटे.

त्या हिवाळ्यात दांडा आला. पाच कळ्या धरल्या, आठवड्याभरात पिवळ्या पडल्या आणि गळून गेल्या.

"वारा लागला," सासूबाई म्हणाल्या. "सताड खिडकी उघडून ठेवायची म्हणजे."

"तुमची नजर लागली."

"माझी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्यात कुणाला लागण्याइतका जोर उरलाय का?"

पुढच्या हिवाळ्यात पानांच्या बेचक्यातून पुन्हा एक हिरवं टोक वर आलं. सासूबाईंनी ते बोटाने चाचपलं. "हे मूळ नाही. दांडाच आहे."

या खेपेला सात कळ्या होत्या. खालची तर टपोरी, आज फुटेल की उद्या, अशी.

"आई, आश्रमात कळवून टाकतो," मुलगा सकाळी बूट घालताना म्हणाला.

"कळव."

"मग पडदे धुवायला काढते त्यांच्या खोलीतले," सून म्हणाली.

"मी अजून आहे त्या खोलीत."

"म्हणूनच तर धुवायचेत." मग तिने दाराकडे बघत म्हटलं, "डबा भरलाय."

"निघतो, आई," मुलगा म्हणाला आणि डबा उचलून गेला.

रविवारी सकाळी दांडा नव्हता. बुडापासून सरळ कापलेला. सातही कळ्या कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली.

मुलाने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि आईसमोर खुर्ची ओढून बसला.

"आई, जायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस. मागच्या वर्षीही तूच ना?"

 सासूबाई उठल्या, आतून आपली पिशवी आणून टेबलावर ठेवली. कपडे, औषधं, चष्म्याची डबी. सगळं घड्या घालून भरलेलं होतं.

"तीन आठवडे झाले भरून," त्या म्हणाल्या. "उठल्या उठल्या कळ्या मोजते मी. मला जायचंय रे. कान थकले माझे."

मुलाने पिशवीकडे पाहिलं. "मग?"

सून ओट्यापाशी उभी होती. तिने खणातून कात्री काढली आणि पिशवीशेजारी ठेवली. पात्यावर हिरवा डाग होता.

"मागच्या वर्षी पिकलेली केळी टेकवून ठेवली होती कुंडीला," ती म्हणाली. "पिकत्या फळाजवळ कळ्या गळतात. यंदा तेवढा वेळ नव्हता."

सासूबाई परत खुर्चीवर बसल्या. "अगं, दीड वर्ष राबलीस त्या झाडासाठी."

"राबले नसते तर तुम्ही आपणहून हात घातला असतात त्यात. आणि तुमच्या हाताने ते फुललं असतं."

मुलगा उठला. वर्तमानपत्र काखेत घेतलं, आणि नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाला, "आई, तिला विचार, हे का केलं."

सुनेने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सासूबाईंशेजारी बसली, इतकी जवळ ती आजवर कधी बसली नव्हती.

"तुम्ही गेलात तर तो कुणाला विचारायला सांगेल, आई? चार वर्षं झाली, तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही."