न धुतलेला लंगोट

म्हसवडच्या जत्रेत रंगीत टीव्हीच्या बक्षिसाची कुस्ती विश्वजीतनं जिंकल्यात जमा होती. ऐन पकडीत त्याचा हात मागं गेला आणि समोरच्यानं त्यालाच उचलून आपटलं. सगळं मैदान हसलं. तालमीत परतताच वस्तादांनी कडी लावून छडी उचलली. "हात ढुंगनाकडं का गेला रं?" पाठीवर वळ उठले, ओठ फुटला, तरी विश्वजीत नुसता हातानं रक्त पुसत राहिला. छडी मोडली, तसा वस्तादांनी त्याचा गळा आवळला. तेव्हा तो कसाबसा बोलला, "खाज सुटती, वस्ताद. ज्या लंगोटात कुस्ती मारली त्यो धुवायचा न्हाई, ही तुमचीच शिकवन. घामानं कुजलाय." वस्तादांची पकड सुटली. पाठमोरे होऊन त्यांनी धोतराखालचा लंगोट सोडला आणि विश्वजीतच्या रक्ताळलेल्या हातात दिला. "ह्यो बी धू, उन्हात वाळव," ते हळूच म्हणाले. "शेवटची कुस्ती मारल्यापासनं मला बी झोप न्हाई, गड्या."