तपासणीची काडी

झेनायदाने दाताळं झाडाला टेकवलं आणि ती पट्ट्याच्या कडेला उभी राहिली. तीस पावलांचा तिच्या घरचा वाटा. पाइनच्या वाळक्या सुया खरवडून काढल्यावर खालची तांबडी माती उघडी पडली होती.

दर फेब्रुवारीला गावकामासाठी, तेकियोसाठी, घरटी एक माणूस डोंगरावर येतो आणि वणवा अडवणारा हा पट्टा साफ करतो. सकाळच्या हजेरीत "अबुंदियोचं घर?" असा पुकारा झाला, तेव्हा वडिलांच्या नावाला तिनेच ओ दिली होती.

"वाहाका शहरात पोरं शिकवून हात मऊ झाले हो, मास्तरीणबाई," शेजारच्या वाट्यावरून ओफेलिया म्हणाली. "दाताळं चालवताय की बाळाचे केस विंचरताय?"

"तुझ्याकडे बघ आधी. झोपायला सुयांची अख्खी गादी ठेवलीयस."

ओफेलिया हसली. मग तिला अबुंदियो आठवला आणि ती खाली बघून खरवडू लागली.

गावकामावर देखरेख करणारे सिरिलोकाका काड्यापेटी घेऊन येत होते. तपासणीची रीत जुनी. प्रत्येक वाट्यावर जळती काडी टाकायची. विझली तर घरी जायचं, पेटलं तर पुन्हा खरवडायचं. ओफेलियाच्या वाट्यावर दोनदा पेटलं. काकांनी तिला सगळ्यांदेखत झापलं.

झेनायदाच्या वाट्याशी आल्यावर मात्र त्यांनी काड्यापेटी खिशात घातली. टोपी काढली.

"छान केलंयस, पोरी. बापासारखंच."

"काडी टाका, काका."

"घरात दुःख आहे तुझ्या. राहू दे."

"गेल्या वर्षी टाकली होती?"

काका टोपीची कड चाचपत राहिले.

"तुझा बाप सत्तरीचा माणूस. त्याने मला दाताळं धरायला शिकवलं. त्याच्या वाट्यावर काडी कशी टाकणार मी? लांबूनच बघितलं."

गेल्या एप्रिलमध्ये वणवा याच तीस पावलांवरून पलीकडे गेला होता. अबुंदियो एकटाच तो अडवायला धावला, तो परतला नाही. खालच्या उतारावर काळे बुंधे अजून उभे होते.

"टाका," झेनायदा म्हणाली.

काडी मातीवर पडली. ज्योत आडवी झाली, विझल्यासारखी वाटली. मग बारीकसा धूर निघाला. मातीत दडलेली एक सुई लाल झाली, मग तिच्या शेजारची.

ओफेलिया डोंगराकडे बघू लागली. सिरिलोकाकांनी झटकन पुढे होऊन धुरावर बूट ठेवला.

"विझली. चालतंय."

झेनायदाने दाताळं उचललं आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकले.

"काका, पाय काढा."