पाचपर्यंत

साहेबांच्या चिठ्ठीत 'टिल फाइव्ह' नव्हतं, 'बाय फाइव्ह' होतं. खाणीवरच्या कारकून वत्सलाबाईंना दोन्ही सारखंच. त्यांनी मुकादमाला फोनवर ठणकावलं, "दुर्गाप्पा, पाचपर्यंत सगळी माणसं खाणीबाहेर पाहिजेत. साहेबांचा हुकूम आहे."

पाच वाजून दहा मिनिटांनी सुरुंग उडाला. कचेरीची काच फुटून बाईंच्या गालात घुसली. त्या बाहेर धावल्या, तर धुरळ्यातून दुर्गाप्पा रांगत येत होता. कोपराखालचा हात नुसता कातडीला लोंबत होता. मागे खाणीत किंकाळ्या उठत होत्या.

"माणसं आत कशी?" बाई ओरडल्या. "पाचपर्यंत बाहेर म्हटलं होतं ना!"

"बाहेरच होती, बाई," तो रक्त थुंकत म्हणाला. "पाच वाजेपर्यंत एकालाही हलू दिलं नाही. पाच वाजले, मगच आत सोडली."